"मामा, आपण कुणाचे?" : तालीम, वारी, क्रिकेट आणि धर्माचं काम

तालीमवाला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज रविवार मोकळा मिळाला म्हणून लिहायला बसलोय, लांब होईल.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता पुण्यात. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा भाच्याला घेऊन शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला गेलो. सात वर्षांचा आहे, पहिल्यांदाच आलेला. गॅलरीत बसलो, ढोल सुरू झाला, दोन्हीकडनं आरडाओरडा, आणि त्यानं मला पहिला प्रश्न विचारला तो "कोण चांगलं खेळतं" असा नाही, "मामा, आपण कुणाचे?" असा.

तेव्हापासून हा प्रश्न मनातनं जात नाहीये. कारण हाच प्रश्न खेड्यात पाहुण्याला विचारतात. कुणाचे तुम्ही, कुठलं गाव, कुलदैवत कुठलं, देवक काय. म्हणजे माणूस आधी कुणाचा तरी असतो आणि मग बाकी सगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम म्हणजे पेठांच्या तालमी आणि मंडळं. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, जुना बुधवार. आता तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा. तांबडी माती, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळलेली, कोपऱ्यात मारुती, मातीच्या पाया पडल्याशिवाय कुणी आत उतरत नाही. तीच तालीम गणपती बसवते, तीच शिवजयंतीची मिरवणूक काढते, तीच पूर आला की बोटी आणि जेवणाची पाकिटं घेऊन पळते आणि तीच फुटबॉलची टीम उतरवते. मोहरमला आमच्या बऱ्याच तालमींत पंजे बसतात, बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि मोहरम एकत्र आले की पंजा आणि गणपती एकाच छताखाली असतात. मग यातलं धर्म कुठलं, खेळ कुठला, समाजसेवा कुठली? मला तरी रेघ मारता येत नाही.

एमिल दुर्खाइम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर मोठं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हे लोक वर्षातला बराच काळ पोटासाठी विखुरलेले असतात, मग कधीतरी सगळे एकत्र जमतात, नाचतात, गातात, आणि त्या गर्दीत प्रत्येकाला स्वतःपेक्षा मोठं काहीतरी अंगात आल्यासारखं वाटतं. ती ताकद असते जमलेल्या लोकांचीच, पण त्यांना वाटतं ती समोरच्या चिन्हात आहे, कुळाच्या प्राण्यात, झाडात. आपल्याकडं लग्नाआधी देवक बसवतात ना, त्याच जातीची गोष्ट. म्हणजे माणसं देवकाला नमस्कार करतात तेव्हा एका अर्थी आपल्याच कुळाला नमस्कार करत असतात, असं तो म्हणतो.

आता गॅलरीतला झेंडा डोळ्यासमोर आणा. जर्सीचं कापड बाजारात कुठंही मिळेल, पण ते कुणी पायाखाली घेतलं तर काय होईल हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

माझं मत असं की खेळ हा धर्मासारखा "दिसतो" एवढ्यावर थांबू नये. दोन्ही एकच काम करतात, "आपण" तयार करायचं. तुम्हाला काय वाटतं?

गिरगावकर

विषय आवडला. पण एक मोठा फरक राहून गेला असं वाटतं. खेळात निकाल लागतो. पाच दिवसांनी, नव्वद मिनिटांनी, कधीतरी फळ्यावर आकडा येतो आणि तो खोडता येत नाही. देवाच्या बाबतीत असा फळा नाही.

तरी सांगतो, १६ नोव्हेंबर २०१३ ला मी वानखेडेवर होतो. सचिनची २०० वी टेस्ट, शेवटची. मॅच संपली, भाषण झालं, फेरी झाली आणि मग तो एकटा पुन्हा आत गेला, खेळपट्टीला हात लावून नमस्कार केला. माझ्या शेजारी साठीच्या पुढचे एक काका होते, ओळख ना पाळख, त्यांनी माझा दंड धरला आणि रडायला लागले, मीही रडत होतो. घरी देवाला रोज हात जोडतो पण तसं कधी झालेलं नाही, हे खरं सांगतो. त्या वेळी तिथं जात, भाषा, स्टँडचं तिकीट कितीचं, काहीच उरलं नव्हतं. त्यामुळे दुर्खाइम जे म्हणतो ते मला पटतं, मी ते अंगावर घेतलंय.

पण १३ मार्च १९९६ पण आठवा. ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल, विकेटी पडायला लागल्या आणि त्याच तऱ्हेच्या गर्दीनं बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली, शेवटी मॅच श्रीलंकेला देऊन टाकली. कांबळी रडत बाहेर आला होता. म्हणजे ती जी ताकद अंगात येते तिला स्वतःची दिशा नसते.

इंद्रायणीकाठी

मी माहेरपासून वारकरी घरातली, आळंदी ते पंढरपूर आठ वाऱ्या झाल्यात. @तालीमवाला, तुमचं बरंचसं पटलं पण "खेळ धर्मासारखा" म्हणताना तुम्ही धर्म आधी आणि खेळ नंतर धरता. आमच्याकडे तसं नाहीच आहे हो. रिंगण पाहिलंय का कधी? घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि मग जे सुरू होतं ते काय असतं, खेळच. फुगड्या, हुतुतू, पावल्या, पासष्ट वर्षांच्या बायका पदर खोचून फुगडी घालतात, टाळकरी मनोरे करतात, वीणेकरी उड्या मारतात. दिवसभर पंधरा वीस किलोमीटर चालून आलेली माणसं ही. तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, हमामा, हुंबरी, विटूदांडू, चेंडूफळी यांच्यावर अभंगच आहेत. आमच्या संतांनी खेळ बाहेर ठेवला नाही, तो देवाच्या अंगणात आणला.

आणि दुसरं, या खेळात समोर कुणी नसतं. फुगडीत कोण हरतं? दोघीही फिरतात, एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. तुमच्या फुटबॉलला "आपण" करायला "ते" लागतात. वारीला "ते" लागत नाहीत.

दूरदेशी

मी सहा वर्षं ग्लासगोत होतो म्हणून थोडी भर. तिथं सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन क्लब. सेल्टिक १८८७ मध्ये एका कॅथलिक धर्मबंधूनं स्थापन केला, ब्रदर वॉलफ्रिड म्हणून, उद्देश काय तर शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कॅथलिक मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायचे. समोर रेंजर्स, प्रोटेस्टंटांचा. रेंजर्सनी १९८९ साली मो जॉन्स्टन नावाचा कॅथलिक खेळाडू घेतला तेव्हा त्यांच्याच पाठीराख्यांनी स्कार्फ जाळले.

मला तिथं ऑफिसात पहिल्या आठवड्यात एकानं विचारलं होतं, इथल्या शाळेत असतास तर कुठल्या शाळेत गेला असतास? मला वाटलं गप्पा मारतोय. नंतर एका सहकाऱ्यानं समजावलं की शाळेचं नाव म्हणजे तिथं धर्म विचारायची रीत आहे. आपल्याकडं आडनाव विचारतात तसंच अगदी. देवळात, म्हणजे चर्चमध्ये जाणारे कमी होत चालले तरी शनिवारची मॅच चुकत नाही, श्रद्धा आटली तरी तट राहिला. हे मला धर्मापेक्षाही जास्त भीतीदायक वाटलं.

शोधयात्री

@दूरदेशी, ग्लासगोला जायची गरज नाही, मुंबईच्या क्रिकेट स्पर्धेतच होतं हे सगळं. तेही एवढं उघड की टीमचं नावच धर्माचं. १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन, १९०७ ला हिंदू आले, तिरंगी झाली, १९१२ ला मुस्लिम आले, चौरंगी झाली, १९३७ ला "द रेस्ट" नावाची पाचवी टीम, त्यात ख्रिश्चन, ज्यू, अँग्लो-इंडियन वगैरे उरलेले सगळे. गांधीजींनी १९४० मध्ये जाहीरपणे विरोध केला, तरी १९४६ पर्यंत चालली.

सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन होते म्हणून "द रेस्ट" कडून खेळायचे. १९४३ च्या फायनलला हिंदूंविरुद्ध त्यांनी एकट्यानं ३०९ काढल्या, टीमच्या एकूण ३८७. मेलबर्नचा किंवा लंडनचा माणूस ऐकून थक्क होईल, आपल्या पोरांना मात्र हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

पण खरं सांगायचंय ते पळवणकर बाळू यांच्याबद्दल, मराठीत अजून पुरेसं बोललं जात नाही म्हणून जरा सविस्तर. चांभार समाजातले, पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर मैदानाची कामं करत आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकत. डावखुरे स्पिनर, हात असा तयार झाला की पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला साहेबांना हरवायचं तर बाळूशिवाय चालेना. मग घेतलं टीममध्ये. मैदानात त्याच चेंडूला सगळ्यांचे हात लागत होते, बाळूंनी टाकला, दुसऱ्यानं अडवला, तिसऱ्यानं झेलला, पुन्हा बाळूंच्या हातात. आणि चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपात, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचं. जेवणाचं टेबल वेगळं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही. सीमारेषेच्या आत शिवाशिव नाही, बाहेर आहे, आणि मधे चुन्याची एक पांढरी रेघ.

१९११ साली भारतीय टीम इंग्लंडला गेली, बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढल्या. तरीही हिंदू टीमची कप्तानी त्यांना कधी मिळाली नाही. १९२० मध्ये त्यांना वगळलं, धाकट्या विठ्ठलचा कप्तानीचा हक्क डावलला, तेव्हा पळवणकर भावांनी सरळ अंग काढून घेतलं. शेवटी १९२३ ला विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. खांद्यावर! ज्या घरातल्या थोरल्याला आतला कप मिळाला नव्हता.

म्हणून @गिरगावकर जो फळ्याचा मुद्दा म्हणताहेत तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. विकेटी मोजता येतात. देवळाच्या पायरीवर थांबवलेल्या माणसाची भक्ती किती, हे कुठल्या फळ्यावर दाखवणार? खेळानं शिवाशिव घालवली नाही, पण तिला रोज संध्याकाळी आकड्याला तोंड द्यायला लावलं.

तालीमवाला

@शोधयात्री, दोनदा वाचलं. बाळूंचं नाव माहीत होतं, चहाचं माहीत नव्हतं.

@इंद्रायणीकाठी ताई, फुगडीचं म्हणणं मान्य. पण वारीला "ते" लागत नाहीत हे अगदी पूर्ण मान्य करायला जड जातंय. समाजशास्त्राच्या अभ्यासक इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या होत्या, त्यांनी स्वतः लिहिलंय की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगळे जेवत होते आणि त्याचा त्यांना त्रास झाला. त्यांनीच पुढं ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाची व्याख्याही केली. म्हणजे एकाच बाईला एकाच वाटेवर दोन्ही दिसलं. पळवणकरांच्या मैदानात आणि या दिंडीत मला फार अंतर दिसत नाही, आत एक, जेवायला वेगळे.

इंद्रायणीकाठी

खरं आहे. माझ्या आजीच्या आठवणीतही वेगळ्या पंगती होत्या. आमच्या दिंडीत आता एकच पंगत असते, पण ती आपोआप झालेली नाही, माझ्या वडिलांच्या पिढीतल्या दोघातिघांनी त्यासाठी घरच्यांशी अबोला धरला होता. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, देवळाच्या आत नाही, हे दर वारीला डोळ्यासमोर असतं. मी "ते लागत नाहीत" म्हटलं ते फुगडीपुरतं ठेवते.

मनकवडा

मानसशास्त्राच्या बाजूनं एक. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांत बघितलं की शनिवारी कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी जास्त मुलं कॉलेजच्या नावाचे कपडे घालून येतात. आणि बोलताना जिंकलो तर "आपण जिंकलो", हरले तर "ते हरले". हे वाचल्यापासून मी आमच्या घरातली पोरं ऐकतो, तंतोतंत.

भक्त मात्र असं करत नाही. नवस फळला नाही तर "देव हरला" कुणी म्हणत नाही, "माझ्याच सेवेत काही कमी पडलं" म्हणतात. चाहता देवाला सोडतो, भक्त स्वतःला दोष देतो. मला यात फार मोठा फरक दिसतो, आणि कोल्हापूरच्या पेठेतला माणूस या दोनांपैकी कुठं बसतो ते जाणून घ्यायला आवडेल.

तालीमवाला

@मनकवडा, पेठेतला माणूस हरल्यावर घरी जाऊन जेवत नाही. "ते हरले" म्हणायची सोय नाही, कारण गोलकीपर शेजारच्या घरातला असतो.

माळावरची

सांगली जिल्ह्यातून लिहितेय. एवढा सगळा धागा वाचला, फार चांगला चाललाय, पण तालीम, पेठ, गॅलरी, कप्तान, यात बायका फुगडीपुरत्याच आल्या.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान असतं. देवाची पालखी झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपासून हलगी वाजायला लागते, आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग शंभर दोनशेच्या, आणि दिवस मावळताना मोठ्या इनामाची. मी लहान असताना आम्ही बायका शाळेच्या गच्चीवरनं बघायचो, मैदानात पाय ठेवायचा नाही असाच दंडक होता. कारण विचारलं तर सांगायचे तालमीत मारुती आहे, तो ब्रह्मचारी आहे. म्हणजे शनीच्या चौथऱ्यावर बाईला जशी बंदी होती तशीच मातीच्या आखाड्यात. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ ला उघडला, आमच्या मैदानात त्याच्या आसपासच पहिली मुलींची कुस्ती लागली, कुठल्या कोर्टाचा निकाल नव्हता, एका वस्तादानं आपल्याच लेकीला उतरवलं एवढंच. पहिल्या वर्षी लोक गप्प बसले होते. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, हलगीवाल्यालाच कळेना वाजवू का नको. तिनं दुसऱ्या मिनिटाला चितपट केली तेव्हा हलगी सुरू झाली ती थांबेना.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला ना, त्या रात्री आमच्या पारावर स्क्रीन लावली होती, आणि पारावर बायका बसल्या होत्या. पारावर. गावात राहिलेल्यांना याचा अर्थ कळेल.

सातवा_थर

मी मुंबईचा, गोविंदा पथकातला, सतरा वर्षं झाली. वाचत होतो नुसता, पण आमचा खेळ धर्म पण आहे आणि आता सरकारच्या लेखी साहसी खेळ पण आहे, २०२२ ला मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं, २०२३ पासून मॅटवर प्रो गोविंदा नावाची स्पर्धा पण सुरू झाली, म्हणून लिहावंसं वाटलं.

गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू होतो. रात्री दहाला कामावरनं आलेली पोरं, कुणी कुरियरवाला, कुणी बँकेत, कुणी भाजीच्या गाडीवर, खालच्या थराला कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकतो तिथं जात बघायला वेळच नसतो, वजन बघतात. मधल्या थरातला पोरगा थरथरला की खालच्याला ते पायाच्या तळव्यातनं कळतं, बोलावं लागत नाही. तुम्ही तो दुर्खाइम सांगितला ते वाचताना मला हेच आठवलं. जय जवान पथकानं २०१२ ला ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, स्पेनचं रेकॉर्ड मोडलं, तेव्हा आम्ही दुसऱ्या पथकाचे असून रस्त्यावर नाचलो होतो.

पण जे बदललंय ते पण सांगतो. पूर्वी हंडी चाळीची असायची, आता लाखांची असते, स्टेज असतं, नेते असतात, डीजे असतो. देव वर एका बॅनरच्या कोपऱ्यात. माझा सख्खा भाऊ पाच वर्षांपूर्वी पाचव्या थरावरनं पडला, पाठीच्या मणक्याला लागलं.

गिरगावकर

@सातवा_थर, भाऊ आता कसा आहे? आणि ज्यांची हंडी होती त्यांनी काही केलं का?

सातवा_थर

ज्यांची हंडी होती त्यांचा एक फोन आला, मग नाही आला. विम्याचे कागद फिरत राहिले.

पथकानं केलं. बेचाळीस दिवस हॉस्पिटलात होता, बेचाळीस रात्री पोरांनी पाळ्या लावल्या, वहीत नावं लिहून, आज कोण उद्या कोण. दुपारचा डबा रोज वेगळ्या घरातनं. समोरच्या गल्लीतलं पथक, ज्यांच्याशी आमची दरवर्षी बाचाबाची व्हायची, त्यांनी त्यांच्या त्या वर्षीच्या बक्षिसातले पैसे आणून आईच्या हातात दिले आणि चहा न घेता गेले. वडील नास्तिक आहेत, युनियनमधले, त्यांनी तेव्हापासून गुरुपौर्णिमेला सरावाला यायला सुरुवात केली, नारळ फोडायच्या वेळी बाजूला उभे राहतात, मग पोरांना पाणी देतात.

भाऊ काठी घेऊन चालतो. थरावर चढता येत नाही. तो समोर उभा राहतो आणि मोजतो, एक लागला, दोन लागला, कुणाचा गुडघा वाकलाय ते त्याला आमच्या आधी दिसतं. त्यानं "उतरा" म्हटलं की सगळे उतरतात, कोणी का विचारत नाही.